बेताच्या पैशांत गेमिंगचा संगणक

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला, अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग असले तरी ज्याला सारे लॅमिंग्टन रोडच म्हणतात त्या रस्त्यावर, किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, सुट्टीच्या दिवसांत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. पाठीला सॅक लावलेला मुलगा, त्याच्यासोबत थोडेसे बुचकळ्यात पडलेले वडील आणि काउंटरवर पडलेले कोटेशन. त्यावर पाच-सहा ओळी असतात : आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॉट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट. वडिलांना आकडे भारदस्त वाटतात, मुलाला कॅबिनेटमधील रंगीत दिवे आवडलेले असतात आणि व्यवहार ठरतो.

या कोटेशनमध्ये खोटे असे काहीच नसते. अडचण असते ती न लिहिलेल्या गोष्टींची. आय-सेव्हन हे नाव इंटेलने २००८ मध्ये बाजारात आणले. २०११ मधील आय-सेव्हन २६०० या प्रोसेसरमध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड होते. २०२२ मध्ये आलेल्या आय-थ्री १२१००एफ या इंटेलच्या स्वस्त गटातील प्रोसेसरमध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत. परंतु प्रत्येक कोअर प्रत्यक्षात किती काम उरकतो, या कसोटीवर नवा आय-थ्री जुन्या आय-सेव्हनला बराच मागे टाकतो. जुने प्रोसेसर काढून, फारशा परिचित नसलेल्या कंपन्यांच्या मदरबोर्डवर बसवून विकले जातात आणि नावातील ‘सेव्हन’ या एका अंकावर ग्राहक भाळतो. साठ-सत्तर हजार रुपये ही रक्कम मध्यमवर्गीय घरात सहजासहजी उभी राहत नाही. शिवाय एकदा सील फोडलेला भाग दुकानदार सहसा परत घेत नाही. त्यामुळे कोटेशन हाती येण्यापूर्वीच थोडा विचार करून ठेवणे अगत्याचे ठरते.

हा विचार प्रोसेसरपासून सुरू करण्याची बहुतेकांना सवय असते. वास्तविक तो पडद्यापासून सुरू करावयास हवा. साध्या फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. क्यूएचडी मॉनिटरवर तेच ३६.९ लाख आणि फोर-के पडद्यावर जवळजवळ ८३ लाख होतात. गेममधील प्रत्येक चित्र उमटवताना यातील प्रत्येक बिंदूचा रंग ग्राफिक्स कार्डाला काढावा लागतो, तोही सेकंदाला साठ वेळा किंवा त्याहून अधिक. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला पुरे पडावयाचे तर जेमतेम सात. सत्तर हजारांच्या घरातील संगणकाने फुल एचडी हेच लक्ष्य ठेवावे. फोर-के दूरचित्रवाणी संचाला संगणक जोडून त्यावर खेळण्याची हौस या रकमेत भागत नाही.

दुसरा प्रश्न, खेळावयाचे काय? व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे स्पर्धात्मक खेळ ग्राफिक्स कार्डावर तुलनेने कमी आणि प्रोसेसरवर अधिक भार टाकतात. सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ यांसारख्या कथाप्रधान, विस्तीर्ण खेळांचे गणित उलटे असते. याचे कारण चित्र तयार होण्याच्या पद्धतीत आहे. कोणते पात्र कोठे आहे, गोळी कोणाला लागली, कोणती वस्तू पडद्यावर दिसावयास हवी, हे प्रोसेसर ठरवतो आणि ती यादी ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतो. कार्ड तिच्यावरून चित्र रंगवते. दोघांपैकी जो मागे राहील त्याच्या गतीनेच खेळ चालतो. आचारी कितीही तडफदार असला तरी वाढपी एकच असेल तर पंगत त्या वाढप्याच्याच गतीने उठते, तसाच हा प्रकार. म्हणूनच पन्नास हजारांच्या कार्डाशेजारी दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर ठेवणे किंवा महागड्या प्रोसेसरला क्षुल्लक कार्ड जोडणे, दोन्ही सारखेच वाया. जाणकार जुळवणारे मॉनिटर वगळता उरलेल्या रकमेपैकी ३५ ते ४५ टक्के रक्कम ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला काढतात आणि प्रोसेसरला त्याच्या निम्म्याहून फार अधिक देत नाहीत.

कार्डाच्या नावात दडलेले

सर्वाधिक फसगत होते ती ग्राफिक्स कार्डात, कारण सर्वाधिक पैसा तेथेच जातो. कोटेशनवरील ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ या शब्दांना तर काहीच अर्थ नाही. जीबी ही कार्डाच्या स्मृतीची क्षमता आहे, वेगाचे माप नव्हे. गोदाम किती मोठे आहे हे सांगितल्याने कारखान्यात कामगार किती आहेत हे कळत नाही.

पूर्ण नाव लिहून घेतले तरी सावध राहावेच लागते. एनव्हिडियाने २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० हे कार्ड सहा जीबी आणि तीन जीबी अशा दोन रूपांत आणले. फरक केवळ स्मृतीचा असावा असे नावावरून वाटे. प्रत्यक्षात मोठ्या कार्डात १२८० कोअर होते आणि लहान कार्डात ११५२. आरटीएक्स ३०५० च्या बाबतीत हेच पुन्हा घडले. २०२२ च्या आठ जीबी कार्डात २५६० कोअर, तर २०२४ मध्ये त्याच नावाने आलेल्या सहा जीबी कार्डात २३०४. जीटी १०३० चा किस्सा तर याहून बोलका आहे. त्याच्या मूळ कार्डातील जीडीडीआर५ स्मृती सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवू शके. २०१८ मध्ये त्याच नावाच्या कार्डावर साधी डीडीआर४ स्मृती बसविण्यात आली आणि तो वेग १६.८ जीबीवर घसरला. खोक्यावर नाव तेच. एएमडीदेखील यात मागे नाही. आरएक्स ५८० या २०१७ मधील लोकप्रिय कार्डात २३०४ प्रोसेसर होते, त्याच्या पुढे ‘२०४८ एसपी’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले कार्ड म्हणजे त्याची कापून लहान केलेली आवृत्ती. भारतीय बाजारात ते पुष्कळदा नुसते ‘आरएक्स ५८०’ म्हणूनच विकले जाते.

स्मृतीचा मुद्दा मात्र अगदीच गौण नाही. खेळातील भिंती, चेहरे, कपडे यांची चित्रे कार्डाच्या स्मृतीत मावली नाहीत तर ती मदरबोर्डवरील रॅममधून आणावी लागतात आणि तो रस्ता फार अरुंद असतो. जानेवारी २०२२ मध्ये एएमडीने आरएक्स ६५०० एक्सटी हे चार जीबीचे कार्ड आणले. त्याच्या स्वतःच्या स्मृतीचा वेग सेकंदाला १४४ जीबी होता, पण मदरबोर्डशी त्याला जोडणाऱ्या मार्गिका केवळ चार होत्या. नव्या पीसीआय एक्स्प्रेस ४.० मदरबोर्डवर या मार्गिकांतून सेकंदाला सुमारे आठ जीबी माहिती येऊ शकते, जुन्या ३.० मदरबोर्डवर त्याच्या निम्मीच. म्हणजे जुना संगणक थोडक्यात सुधारावा म्हणून ज्याने हे कार्ड घेतले, त्यालाच त्याचा सर्वाधिक फटका बसला. स्वस्त कार्ड घेताना स्मृती किती, हे जसे विचारावे तसे मार्गिका किती आणि आपला मदरबोर्ड कोणत्या पिढीचा, हेही विचारावे. दुकानदाराला हे माहीत नसेल तर निर्मात्याच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत सापडते.

आता नव्या कार्डांविषयी. इंटेलने डिसेंबर २०२४ मध्ये आर्क बी५८० हे बारा जीबीचे कार्ड २४९ डॉलरला जाहीर केले. एनव्हिडियाचे आठ जीबीचे आरटीएक्स ५०६० मे २०२५ मध्ये २९९ डॉलरला आले, तर एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी जून २०२५ मध्ये आठ जीबीसाठी २९९ आणि सोळा जीबीसाठी ३४९ डॉलर या किमतीला. अमेरिकेत या किमती कर वगळून सांगितल्या जातात, हे ध्यानात ठेवावे. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर २९९ डॉलरचे २५,४१५ रुपये होतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागला की जवळजवळ ३० हजार. त्यामुळे भारतीय किंमत पाहून दुकानदार लुबाडतो आहे, असा निष्कर्ष घाईने काढू नये. हिशेब हा असा करून पाहावा आणि मगच घासाघीस करावी.

बी५८० ची स्मृती या किमतीत मोठीच आहे, पण त्याची एक अट आहे. मदरबोर्डमध्ये ‘रिसायझेबल बार’ ही सोय असलीच पाहिजे आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा हवा. जुन्या प्रोसेसरबरोबर हे कार्ड अपेक्षेपेक्षा बरेच मंदावते, असे ते आल्यावर झालेल्या चाचण्यांत आढळून आले. ज्याला केवळ कार्ड बदलून जुनाच संगणक वापरावयाचा आहे, त्याने ते न घेतलेले बरे. उलट ज्याला चार-पाच वर्षे नव्या कार्डाकडे पाहावयाचे नाही, त्याने आठ आणि सोळा जीबी यांतील पन्नास डॉलरचा फरक शक्य असल्यास सोसावा. तो पैसा रंगीत पंख्यांतून वाचवता येतो.

जाहिरातींतील फ्रेमच्या आकड्यांबाबतही एक सावधगिरी बाळगावी. डीएलएसएस किंवा एफएसआर या तंत्रांत कार्ड लहान चित्र रंगवते आणि ते मोठे करून दाखवते. हे तंत्र उपयुक्त आहे आणि बेताच्या कार्डाला त्याचा खरोखरच आधार होतो. फ्रेम जनरेशन हा प्रकार वेगळा. यात दोन खऱ्या चित्रांमध्ये कार्ड स्वतःच्या कल्पनेने आणखी चित्रे घुसवते. पडद्यावरील हालचाल मऊ दिसते, परंतु माऊस हलविल्यावर खेळ किती तत्परतेने प्रतिसाद देतो यात सुधारणा होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने ५४९ डॉलरच्या आरटीएक्स ५०७० मध्ये आरटीएक्स ४०९० ची कामगिरी मिळेल असा दावा केला, तो ही कल्पित चित्रे हिशेबात धरूनच. तुलना पाहताना फ्रेम जनरेशन बंद असतानाचे आकडे शोधावेत. सरासरीबरोबर ‘एक टक्का लो’ हा आकडाही पाहावा. खेळ अधूनमधून किती अडखळतो हे त्यावरून कळते.

कार्ड जुने घ्यावे की नवे, हा प्रश्न पैशांच्या तंगीत येतोच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने खाणकामाची पद्धत सोडून दिली आणि रात्रंदिवस राबविलेली हजारो कार्डे जुन्या बाजारात आली. ती सगळीच निकामी असतात असे नव्हे. बहुधा पंखे झिजलेले असतात आणि थर्मल पेस्ट व पॅड सुकलेले असतात. खरी जोखीम वेगळीच आहे. जुन्या, कुचकामी चिपवर दुसऱ्या कार्डाचे बायॉस चढवून तिला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार घडले आहेत. विंडोजही मग तेच नाव दाखवते. जीपीयू-झेड हा विनामूल्य प्रोग्राम २०१८ पासून अशी अनेक बनावट कार्डे ओळखून नावापुढे ‘फेक’ असे लिहितो. जुने कार्ड घेताना पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याच्या संगणकावर हा प्रोग्राम चालवून पाहावा आणि पंधरा-वीस मिनिटे एखादा जड खेळ चालू ठेवावा. यास जो नकार देतो त्याच्याकडून कार्ड घेऊ नये.

त्यातच नवे खेळ जुन्या कार्डांना दारच बंद करू लागले आहेत. डिसेंबर २०२४ मधील इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ मधील डूम : द डार्क एजेस या खेळांना रे ट्रेसिंगची सोय असलेले कार्डच लागते. जीटीएक्स मालिकेतील कार्डे तेथे बाद ठरतात. १०५० आणि १०६० ज्या पिढीतील आहेत त्या पिढीसाठी नव्या खेळांनुसार ड्रायव्हर काढणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबविले. आठ-दहा हजारांत मिळणारे असे कार्ड स्पर्धात्मक खेळांपुरते चालेल, त्यापुढे नाही.

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅमचे वाढलेले भाव

प्रोसेसरच्या बाबतीत निवड त्या मानाने सोपी आहे. सहा कोअर आणि बारा थ्रेड असलेला इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००, हे दोघेही २०२२ मधील असले तरी फुल एचडी खेळांना आणि वर सांगितलेल्या कार्डांना पुरेसे आहेत. नावातील ‘एफ’चा अर्थ मात्र जाणून घ्यावा. अशा इंटेल प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतात; कार्ड बिघडले वा दुरुस्तीला गेले तर संगणकाचा पडदा काळाच राहतो. रायझन ५ ५६०० मध्येही ते नाहीत. ५६०० आणि ५५०० यांत केवळ वेगाचा किरकोळ फरक आहे असे समजून ५५०० घेणारेही पुष्कळ आढळतात. प्रत्यक्षात ५५०० मधील एल-थ्री कॅश निम्मी, म्हणजे ३२ ऐवजी १६ एमबी आहे, आणि तो पीसीआय एक्स्प्रेस ३.० पर्यंतच जातो. कमी मार्गिकांच्या कार्डाला हे कसे भोवते ते वर आलेच आहे.

मदरबोर्ड हा दिसण्यावर घ्यावयाचा भाग नव्हे, पण पुढील वाट तोच ठरवतो. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१७ मध्ये रायझनबरोबर सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचले आणि त्या वर्षी घेतलेल्या अनेक मदरबोर्डवर, बायॉस अद्ययावत केल्यावर, २०२२ मधील ५८००एक्स३डी हा प्रोसेसर चालू शकला. ज्यांनी त्या काळी विचारपूर्वक मदरबोर्ड घेतला त्यांचे मोठेच पैसे वाचले. आता एएम४ आणि इंटेलचे एलजीए १७०० ही दोन्ही सॉकेट शेवटच्या मुक्कामाला पोहोचलेली आहेत. एएमडीचे २०२२ मधील एएम५ पुढेही चालू राहील. कंपनीने २०२७ आणि त्यानंतरही त्याला आधार देण्याचे जाहीर केले आहे. मग एएम५ च का घेऊ नये? कारण त्यावर केवळ डीडीआर५ रॅम चालते. आणि रॅमचे नाव काढताच सगळे अंदाजपत्रक डळमळू लागते.

२०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर कडाडले. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातील बहुतेक स्मृतिचिप बनवतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या महागड्या स्मृतीकडे त्यांनी उत्पादन वळविले. डीडीआर४ चे उत्पादन तर आधीच आटत चालले होते. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा आपला व्यवसायच बंद करण्याची घोषणा केली. जी रॅम पूर्वी अंदाजपत्रकातील किरकोळ बाब होती, ती काही ठिकाणी प्रोसेसरच्या किमतीला जाऊन भिडली. अशा वेळी घरातील जुन्या संगणकात चांगली डीडीआर४ रॅम असेल तर ती नव्या संगणकात चालवणे शहाणपणाचे. एलजीए १७०० साठी डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड निघाले आहेत. पण एका मदरबोर्डवर एकच प्रकार चालतो आणि दोन्हींच्या खाचा वेगळ्या असल्याने चुकीची रॅम बसतही नाही.

रॅम १६ जीबी घ्यावयाची असेल तर १६ च्या एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन घ्याव्यात. ३२०० वेगाच्या डीडीआर४ ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती देते, दोन पट्ट्या मिळून ५१.२. महागाईच्या दिवसांत एक पट्टी आज आणि दुसरी काही महिन्यांनी, असा मार्ग अनेक जण काढतात. तो चुकीचा नाही, फक्त दुसरी पट्टी त्याच जातीची घ्यावी.

ज्यांच्याकडे कार्डापुरते पैसेच नाहीत त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. रायझन ५ ५६००जी किंवा एएम५ वरील ८६००जी अशा प्रोसेसरमध्ये बऱ्यापैकी अंगभूत ग्राफिक्स असतात. व्हॅलोरंटसारखे खेळ त्यांवर चांगले चालतात आणि कार्ड वर्षभराने घालता येते. हे ग्राफिक्स संगणकाच्याच रॅमवर जगत असल्याने तेथे मात्र दोन पट्ट्यांबाबत तडजोड करू नये. तीन-चार वर्षे जुने, संशयास्पद कार्ड कसेबसे घेण्यापेक्षा ही वाट कितीतरी सरळ आहे.

साठवणुकीसाठी एनव्हीएमई एसएसडी घ्यावी, शक्यतो एक टीबीची. रेड डेड रिडेम्प्शन २ एकटाच १५० जीबी जागा मागतो. सेकंदाला सात हजार एमबी वाचणाऱ्या महागड्या एसएसडीने खेळ दुप्पट वेगाने उघडत नाही; साधी चालते. हार्ड डिस्कवर सायबरपंकसारखे खेळ आता अधिकृतपणे चालविताच येत नाहीत.

जो भाग कोणी विचारत नाही

‘कॅबिनेटसोबत एसएमपीएस फ्री’ ही पाटी दोन दशकांपूर्वीच्या पेन्टियम फोरच्या जमान्यात खपून गेली, कारण त्या संगणकांना ग्राफिक्स कार्ड क्वचितच असे. एमएस-सीआयटीच्या निमित्ताने घरोघरी आलेले ते संगणक अशा एसएमपीएसवर वर्षानुवर्षे चालले आणि त्यामुळे तो भाग फुकटच मिळावयाचा असतो, अशी समजूत घट्ट झाली. गेमिंगच्या संगणकात हीच समजूत महागात पडते. बाकीचे सारे भाग ज्या एका भागाकडून वीज घेतात तो हाच. तो बिघडला तर एकटा जात नाही.

नामवंत नसलेल्या एसएमपीएसवरील ‘५०० वॉट’ हा आकडा पुष्कळदा तिन्ही व्होल्टेजची बेरीज असतो किंवा क्षणभराच्या कमाल भाराचा असतो. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सारी वीज १२ व्होल्टच्या तारेतून घेतात. म्हणून बाजूला चिकटविलेल्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला बाराने गुणावे. १६ अँपिअर असतील तर हातात १९२ वॉटच आहेत, ५०० नव्हेत. दुसरी खूण म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीची सहा अधिक दोन पिनांची तार. ती नसेल आणि दुकानदार हार्ड डिस्कच्या तारेला कन्व्हर्टर जोडून देऊ लागला, तर सौदा तेथेच थांबवावा. त्या बारीक जोडातून कार्डाचा भार नेल्यास तो तापून वितळू शकतो.

किती वॉट लागतात याचा हिशेब अवघड नाही. १२४००एफ जोरात असताना ११७ वॉटपर्यंत जातो. आरटीएक्स ५०६० ला १४५ वॉट, बी५८० ला १९० वॉट लागतात. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास-साठ धरले तरी बेरीज पावणेचारशेच्या आतच राहते. कार्ड क्षणभर याहून अधिक ओढते, तेवढी ढील ठेवून चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस पुरतो. ८५० वॉटची गरज नाही. ‘८० प्लस’ ही २००४ पासूनची खूण वीज किती वाया जात नाही एवढेच सांगते. शॉर्ट सर्किट वा वाढलेल्या व्होल्टेजपासून संरक्षण आहे की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. ते कळण्याची घरगुती कसोटी म्हणजे हमीची मुदत. जी कंपनी पाच वर्षांची हमी देते तिने आत बरे कपॅसिटर घातलेले असण्याची शक्यता अधिक.

येथेच यूपीएसचा प्रश्न येतो. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस सामान्यतः ३६० वॉटच पेलतो. खेळ ऐन रंगात असताना वीज गेली तर संगणक आणि मॉनिटर मिळून हा भार ओलांडण्याचा संभव असतो आणि यूपीएस असूनही संगणक धाडकन बंद होतो. वीज वारंवार जाणाऱ्या भागात १००० व्हीएच्या आसपासचा यूपीएस आधीच अंदाजपत्रकात धरावा. भिंतीतील तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जुन्या चाळींत आणि इमारतींत तिसरे छिद्र अनेकदा नावापुरतेच असते आणि कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात.

कॅबिनेटविषयी एवढेच, की समोर काच नव्हे तर जाळी हवी. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीतच चाळीस अंश असताना बंद काचेमागचे पंखे गरम हवाच फिरवत राहतात. संगणकाच्या टेबलातील दार असलेला कप्पाही त्या दृष्टीने वाईटच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, आणि व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम व सिक्युअर बूट सुरू असल्याखेरीज चालत नाही. सुरुवातीला सांगितलेला २०११ चा आय-सेव्हन मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसतच नाही. म्हणजे ज्या खेळासाठी संगणक घेतला, नेमका तोच त्यावर न चालण्याची वेळ येऊ शकते.

बिल जीएसटीसह घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ या सवलतीत तीन वर्षांची हमी जाते. खोक्याविना ‘ट्रे’मध्ये मिळणाऱ्या प्रोसेसरसोबत पंखा नसतो आणि हमी बहुधा कंपनीऐवजी विक्रेताच देतो, हेही विचारून घ्यावे.

जुळलेला संगणक घरी आणल्यावर तीन गोष्टी त्याच दिवशी पाहाव्यात. मॉनिटरची तार मदरबोर्डऐवजी ग्राफिक्स कार्डात लावलेली आहे का. नवखे लोक येथे हटकून चुकतात आणि महिनोन्महिने कार्ड वापरलेच जात नाही. दुसरे, बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू आहे का. नसेल तर ३२०० ची रॅम अनेकदा २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते. आणि तिसरे, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर १४४ हर्ट्झवर आहे की साठवर. दुकानदाराने संगणक सुरू करून दाखविला याचा अर्थ त्याने या तिन्ही गोष्टी पाहिल्या असा होत नाही.